खोडलेली अकरा उत्तरं

वसतिगृह, खोली १७
३ जुलै

दादा,

पोचले. पेटी शाबूत आहे, कडी तेवढी निखळली. यंदा खोलीत आम्ही तिघी आणि खाटा दोन. जमिनीवर कोण झोपणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं, आणि चिठ्ठी कुणाची निघाली हे तुला सांगायला नको. आपलं नशीब चिठ्ठ्यांना तोंडपाठ आहे.

सरकारी विद्यापीठात फुकट शिकते, असं तू सगळीकडे सांगत सुटला आहेस ना? फी खरंच नावालाच आहे. पण ती सोडून सगळ्याला पैसे पडतात. खानावळ, प्रयोगाची वही, चाचण्यांचे छापील संच (ते विभाग देत नाही, आपण विकत घ्यायचे), इस्पितळांच्या भेटींचं बसभाडं. प्राध्यापकांच्या नऊ जागा आहेत, भरलेल्या चार. वेळ मोजायचं यंत्र मोडलंय म्हणून एक जण टाळी वाजवते आणि दुसरी घड्याळात बघते. मुख्य पुस्तकाची प्रत एक, आम्ही चाळीस. ती दोन तास मिळते, आणि नेमकी हवी ती पानं कुणीतरी ब्लेडने कापून नेलेली असतात.

हे सगळं मी हसत सांगतेय, पण एक गोष्ट हसण्यासारखी नाही. नुसत्या एम.ए.ने मला रुग्ण तपासता येणार नाहीत. त्यासाठी पुढचं दोन वर्षांचं प्रशिक्षण लागतं, आणि त्याच्या जागा बारा. अख्ख्या विद्यापीठाला बारा! डिसेंबरातच त्या ठरतात. प्रवेश परीक्षा आणि या शेवटच्या सत्राचे प्रयोगाचे गुण, दोन्ही धरून. मागच्या वर्षीच्या मुलींची चौकशी केली. एक विमा कंपनीत अर्ज तपासते, एक बदली शिक्षिका आहे, आणि सुवर्णपदकवाली घरी बसून लहान मुलांच्या शिकवण्या घेते. यंदा मला बारांत बसायचंच आहे. मला शिकवण्यात घातलेली तुझी सात वर्षं त्या शिकवण्यांवर संपू द्यायची नाहीत मला.

वहिनीला सांग, शिलाई मशीनवर बसताना उशी घेत जा म्हणावं.

तुझी,
ठमी


२१ जुलै

ठमाबाईंच्या सेवेशी,

तुमचं यंत्र मोडलं म्हणून तुम्ही टाळ्या वाजवता, आणि आमच्याकडे यंत्र आलं म्हणून मालक टाळ्या वाजवतात. नवीन आणलंय. त्याला डोळा आहे, पापणी नाही. सध्या एका रांगेवर लावून बघताहेत. कुणाला काढणार नाही असं मुकादमाने सांगितलंय, आणि सांगताना तो छताकडे बघत होता. तू मनाचं शिकतेस, त्याचा अर्थ तूच लाव.

मैत्रिणींना तू माझं काम नुसतं ‘कारखान्यात’ म्हणून सांगतेस, ते नीट सांगत जा. पांढऱ्या उजेडाच्या पडद्यापुढे बसायचं. समोरून बाटल्या जातात, मिनिटाला नव्वद. तडा दिसला की उचलायची. वीस मिनिटांनी जागा सोडायची, कारण त्यापुढे डोळा उघडा असतो पण त्याला दिसत काही नाही. मुकादम मधूनच खुणेची फुटकी बाटली मुद्दाम सोडतो. ती सुटली की नावापुढे फुली. तेरा वर्षांत माझ्या नावापुढे फुली नाही. ही काय लहान गोष्ट आहे का? तुझ्या बारा जागांत कुणी असा बसला असेल तर कळव.

पैसे निराळे पाठवलेत. गादी घे. जमिनीवर झोपून कुणी डॉक्टर होत नाही.

दादा

(‘डॉक्टर नाही होणार मी,’ हे तू तीनदा सांगितलंस. मला तेच म्हणायला आवडतं.)


वसतिगृह, खोली १७
९ सप्टेंबर

दादा,

तुझी दोन पत्रं आली नाहीत की मीच ती हरवली? ऑगस्टभर काहीच नाही. असो, आता मात्र काम आहे आणि ते तुझ्याशिवाय होणार नाही.

सोबतची प्रश्नावली बघ. माणसाची मनःस्थिती मोजायची चाचणी आहे. तीस वाक्यं, प्रत्येकापुढे हो किंवा नाही. मला पाच माणसांकडून भरून घ्यायची आहे. चार मिळाली. पाचवा तिशी ओलांडलेला, नोकरी करणारा, कुटुंब असलेला हवा, म्हणजे तूच. एकटा बसून भर. वहिनीला विचारू नकोस आणि लगेच टपालात टाक.

जरा नीट भर हं. आमच्या मॅडमना आम्ही आपसांत ‘सुई’ म्हणतो, कारण त्या बरोबर टोचतात. मागच्या आठवड्यात एकीची वही त्यांनी परत फेकली. तिच्या माणसाची उत्तरं काहीतरी भलतीच आली होती, तिला सगळं पुन्हा करावं लागलं. या प्रयोगाला पन्नास गुण आहेत. थोडक्यात, माझं वर्ष तुझ्या हातात आहे.

तुझी,
ठमी


२४ सप्टेंबर

ठमे,

वर्ष माझ्या हातात आहे म्हणालीस, म्हणून हात साबणाने धुऊन बसलो.

पेपर सोडवला. आधी पेन्सिलीने, मग दोनदा वाचून काही ठिकाणी खोडलं, मग पेनाने पक्का केला. खोडलेलं चालतं ना? रबर नवीन होतं, कागद फाटू दिला नाही. वर छापलंय की यात बरोबर-चूक असं काही नसतं. आमचा मुकादमही असंच म्हणतो, आणि मग फुली मारतो. चार प्रश्न मुद्दाम सोडलेले फुटके आहेत, ते मी पाहताक्षणी ओळखले. ‘मी आयुष्यात कधीच खोटं बोललो नाही.’ याला हो म्हणणारा पकडायचा आहे तुम्हाला. तुझा दादा असा सापडेल होय?

इकडे सगळं ठीक. यंत्राचे डोळे आता तिन्ही रांगांवर बसले. मला दुसरं काम दिलंय, उजेडासमोरचं नाही. मोकळ्या हवेत असतो दिवसभर, भरपूर चालणं होतं. वहिनी म्हणते रंग रापला.

किती गुण पडले ते मात्र लगेच कळव.

दादा


वसतिगृह, खोली १७
२० ऑक्टोबर

दादा, दादा, दादा,

पन्नासांपैकी सत्तेचाळीस! सुईबाईंनी वर्गात वही वर धरून दाखवली. पाचही जणांत सगळ्यात निरोगी मनाचा माणूस कोण निघाला असेल? निराशा शून्य. चिंता एक. खोटं पकडायच्या चारही प्रश्नांत तू साफ सुटलास, म्हणजे उत्तरं विश्वासार्ह. मी निष्कर्षात लिहिलंय, ‘सदर व्यक्ती नोकरीत व कुटुंबात समाधानी असून परिस्थितीशी तिचं उत्तम समायोजन झालं आहे.’ खोडलेल्या जागांबद्दलही एक वाक्य टाकलं, की व्यक्तीने काळजीपूर्वक विचार करून उत्तरं दिली. मॅडमनी त्याखाली लाल रेघ ओढून ‘छान निरीक्षण’ लिहिलं.

तू ते फुटके प्रश्न ओळखलेस, हे काही मी त्यांना सांगितलं नाही. नियमाने मग तुला बाद करावं लागलं असतं, आणि दुसरा माणूस आणि दुसरा संच कुठून आणू? तसंही तू कसा आहेस ते मला ठाऊक आहेच की. चाचणीने फक्त शिक्का मारला.

काल सरकारी इस्पितळात नेलं होतं. मनोरुग्णांच्या कक्षात चाळीस खाटा, छप्पन माणसं. भिंतीवर कर्मचाऱ्यांची पाटी आहे. ‘मानसशास्त्रज्ञ’ या शब्दापुढे चार वर्षं नाव नाही, नुसता खिळा. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, लवकर शिकून या गं बायांनो. दादा, त्या खिळ्यावर माझ्या नावाची पाटी लागली पाहिजे. अशी माणसं बघायला कुणीतरी हवंच ना.

प्रवेश परीक्षेचं शुल्क महिनाअखेर भरायचं आहे. जमेल ना रे?

तुझी,
सत्तेचाळीस गुणांची ठमी


१७ नोव्हेंबर

ठमे,

शुल्क वेळेत पोचलं असेल. सोबत छोट्या डब्यात बाबांचं घड्याळ पाठवलंय. परीक्षेला उपयोगी पडेल. मला आता वेळ बघायची फारशी गरज पडत नाही.

घराचे कागद लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात आहेत. वहिनीच्या मशीनचा पट्टा सैल झालाय, तो बदलायला त्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सांगून ठेवलंय, पैसे दिलेत. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

समाधानी हा शब्द मी दोन-तीनदा वाचला. वहीतल्या अक्षरात माणूस बरा दिसतो.

जप. तू झालीस ना की सगळं फिटलं.

दादा


वसतिगृह, खोली १७
३ डिसेंबर

दादा,

उत्तर द्यायला उशीर झाला, परीक्षेने नाकी नऊ आणले. घड्याळ मिळालं. माझ्या मनगटावर ते गरगर फिरतं, पट्ट्याला दोन भोकं पाडून घेतली. बाबांची वस्तू तू मला दिलीस म्हणून रडू आलं आणि खोलीतल्या दोघी हसल्या.

निकाल लागला. माझा क्रमांक चौदावा. बारांनंतर दोन. म्हणजे प्रतीक्षा यादीत दुसरी. जीव टांगणीला लागलाय. वरच्यांपैकी दोघींनी जागा सोडली तर बोलावणं येईल, आणि आलं तर तीन दिवसांत मूळ कागदांसह हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला.

तुझं मागचं पत्र मात्र फार शांत होतं. वाचून हायसं वाटलं. इथे सगळे धावताहेत आणि तू कपाटाचे कप्पे लावतोयस. मलाही कधी असं जमेल का रे?

तुझी,
ठमी


६ डिसेंबर

ठमी,

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही, मी कॉलर शिवते. जसं जमेल तसं वाच.

तुझा दादा इथल्या सरकारी इस्पितळात आहे. जिवंत आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं. गुरुवारी दुपारी कालव्याच्या पुलाच्या कठड्यावर चढला होता. वाळूच्या गाडीवरच्या दोन माणसांनी मागून धरून खाली ओढला. खांदा निखळलाय. डबा कठड्यावर ठेवलेला होता, मी सकाळी बांधून दिलेला, न उघडलेला.

त्याला कामावरून काढून तीन महिने झाले. एकतीस ऑगस्टला. मला माहीत नव्हतं. रोज वेळेवर डबा घेऊन निघायचा, वेळेवर यायचा. दिवसभर चालत असायचा, असं आता कळतंय. चपलेचे तळ बघितले मी काल. हिशेबाचे जे पैसे मिळाले त्यातून तुला पाठवत होता आणि मला पगार म्हणून देत होता. ते गेल्या महिन्यात संपले. कारखान्याचा शिपाई त्याच्या कपाटातला टॉवेल आणि फुली नसलेला तो तक्ता घेऊन घरी आला, तेव्हा मी त्यालाच वेड्यात काढलं.

इस्पितळात डॉक्टर एक आहे आणि तो आठवड्यातून तीनदा येतो. म्हणाला, औषध मी देतो, पण यांच्याशी रोज बसून बोलायला माझ्याकडे माणूस नाही, ती जागा रिकामी आहे. घरात कुणी समजूतदार आहे का? मी म्हटलं, आहे, त्याची बहीण हेच शिकते, पहिल्या नंबरची आहे.

ठमी, मी अडाणी, मला नाही दिसलं. मी त्याच्या ताटाला ताट लावून जेवत होते तरी नाही दिसलं, त्याची लाज मला मरेपर्यंत पुरेल. पण तुझ्याकडे तर त्याची पत्रं होती. तू त्याचं मन कागदावर मोजलंस म्हणे. सगळ्या आळीला सांगत फिरला होता, बहिणीने मला मोजलं आणि मी पास झालो.

तुला कळवू नका, तिचं वर्ष आहे, एवढंच तो बोलला. त्यानंतर बोललेला नाही. मी कळवतेय. तू काय करायचं ते तू बघ.

वहिनी


घरून
१५ डिसेंबर

दादा,

सहा दिवस चार ते पाच तुझ्या खाटेजवळ बसते आणि तू भिंतीकडे तोंड करून असतोस. मी बोलायला गेले की मला पुस्तकातली वाक्यं सुचतात, मग मीच गप्प बसते. सिस्टर म्हणाल्या, तो बोलत नाही पण हाती लागलेला कागद वाचतो, औषधाच्या वेष्टनावरचंसुद्धा. म्हणून लिहून त्यांच्या हाती देतेय.

निघण्याआधी मी विभागात गेले होते. माझी वही मागितली. तुझा कागद काढून खिडकीपाशी तिरपा धरला. तू पेन्सिल दाबून लिहितोस, लहानपणापासून. रबराने शिसं जातं, कागदावरची चीर जात नाही. तीसपैकी अकरा ठिकाणी पेनाच्या ‘नाही’खाली पेन्सिलीचा ‘हो’ होता. अकराही मी वाचले. झोप लागत नाही, हो. आपण घरच्यांना ओझं झालोय, हो. आणि चोविसावा. तो मी इथे लिहीत नाही.

तो कागद तीन आठवडे माझ्याकडे होता. खोडलेलं मला दिसलं होतं रे. दिसलं, आणि मी त्यावर एक छान वाक्य लिहून गुण घेतले. तू फुटके प्रश्न ओळखलेस असं तू स्वतः लिहिलंस, तेही मी लपवलं, कारण तू बाद झालास तर माझे गुण जाणार होते. तू घड्याळ पाठवलंस. आपल्या वस्तू वाटून टाकणारा माणूस धोक्यात असतो, हे मी परीक्षेत पाच गुणांसाठी लिहून आले. तेच घड्याळ मनगटावर बांधून! समोरून नव्वद बाटल्या जातात तसं गेलं सगळं माझ्या डोळ्यांपुढून. मी उघड्या डोळ्यांनी बघत होते.

दादा, मला रागाव. भिंतीकडे बघत का होईना, पण रागाव.

जागेची काळजी तू करू नकोस. यादी अजून हलतेय, मॅडम बघताहेत.

सोबत तीच प्रश्नावली आहे, कोरी. ही वहीत लावायची नाही. मॅडमना दाखवायची नाही. वर मी ‘गुण’ हा रकाना कात्रीने कापून टाकलाय, बघ. पेन्सिलही दिलीय. रबर दिलेलं नाही.

तुझी,
ठमी


(प्रश्नावलीच्या पाठीमागे, पेन्सिलीने. तारीख नाही.)

ठमे,

सिस्टरनी तुझा कागद कालच दिला. हात दुखतो म्हणून अक्षर असं.

सोडवलाय. तेरा आलेत, अकरा नाही. मधल्या काळात दोन वाढले.

१९ला हो. मी ओझं झालोय असं वाटतं. तुम्ही नाही म्हणाल, पण वाक्य मला काय वाटतं ते विचारतंय.

२४. जगून काही उपयोग नाही असं वाटतं. पुलावर हो. आज सकाळी हो. दुपारी खिडकीत एक कामगार काचा पुसत होता, एका काचेला कोपऱ्यात तडा होता आणि त्याला तो दिसला नाही. मी सिस्टरना सांगितलं. तेवढा वेळ नव्हतं वाटत. हो आणि नाही यांत हे बसत नाही, म्हणून मी मध्ये एक रकाना आखून घेतलाय. तुमच्या छापणाऱ्यांना सांग.

कामावरून काढलं त्या दिवशी मुकादमाने यंत्रासमोर खुणेची बाटली सोडून दाखवली. यंत्राने पकडली. मीही पकडली, पण मला कुणी विचारलं नाही. हे मला कुणाला तरी सांगायचं होतं.

रागावलेलो नाही. रागावलो तर लिहीन.

आता तुझा पेपर. तीस माझे झाले, हा एकतिसावा तुला.

३१. जागेचं काय झालं? ‘मॅडम बघताहेत’ हे वाक्य लिहिताना तू छताकडे बघत होतीस.


घरून
१८ डिसेंबर

दादा,

३१. गेली. बोलावणं नऊ तारखेला आलं होतं, बाराला हजर व्हायचं होतं. बाराला मी तुझ्या खाटेजवळ होते. ती जागा पंधराव्या क्रमांकाच्या मुलीला मिळाली. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देता येते, पण तोवरचं वर्ष कशावर काढायचं हे मला माहीत नाही. जूनपर्यंतची एक बदली शिक्षिकेची जागा आहे, तिला अर्ज केलाय. मला वाईट वाटतंय का? हो. फार. तुझ्यामुळे का? माहीत नाही, म्हणून मीही मध्ये एक रकाना आखलाय.

खाडाखोड केलेली नाही. कागद उजेडासमोर धरून बघ.

चारला येते.

ठमी